नर्सबाईंचं प्रोजेस्टेरॉन

मंगळवार पेठेत असं एकही गुपित नसेल, जे आमच्या नर्सबाईंनी भर दुपारी, भर रस्त्यात, पलीकडच्या तालमीपर्यंत पोचेल अशा आवाजात उघडं केलं नाही. हे मी कौतुकानं म्हणतोय, हे आधीच सांगून ठेवतो. नव्वद-एक्क्याण्णवपासून पुढची बारा-तेरा वर्षं त्या माझ्या औषधाच्या दुकानात रोज संध्याकाळी स्टूल टाकून बसत होत्या, आणि तेवढ्या काळात त्यांनी माझी इतक्या वेळा लाज काढली की शेवटी शेवटी काढायला काही शिल्लकच उरलं नव्हतं. त्यांचं नाव मला ठाऊक होतं, पण ते वापरायची वेळ कधी आली नाही. गल्लीला त्या नर्सबाई होत्या आणि त्यांना मी 'मेडिकल' होतो. "काय रे मेडिकल, जेवलास का?" असं त्या विचारायच्या आणि उत्तर यायच्या आधीच माझं मनगट धरून नाडी मोजायला लागायच्या. नमस्कार हा प्रकार त्यांना मान्यच नव्हता. भेटेल त्याचं मनगट धरायचं, स्वतःच्या हातातल्या पुरुषी घड्याळाकडं बघत ओठ हलवायचे, आणि मग बोलणं सुरू. माझे सासरे पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मी "हे आमचे..." एवढंच म्हणालो होतो, तोवर त्यांचं मनगट नर्सबाईंच्या मुठीत गेलं होतं. "पावणं, लोणचं कमी करा," नर्सबाई म्हणाल्या. सासऱ्यांनी त्यानंतर माझ्या दुकानात पाऊल टाकलं नाही. लोणचं मात्र चालू ठेवलं.

शाहूवाडीकडच्या डोंगरातलं एक गाव त्यांचं. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव ओढ्यात सोडले आणि त्याच वर्षी लेकीला नर्सिंगच्या शिक्षणाला धाडलं, असं त्या सांगत. पुढं सरकारी नोकरी. शाहूवाडीपासून गारगोटीपर्यंत भाताच्या खाचरांतून चिखल तुडवत जाऊन त्यांनी तीस वर्षं बाळंतपणं केली. स्वतः लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "लोकांच्या बाळंतपणातनं मला सवड कुठं मिळाली?" निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीत एक खोली घेतली. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खालच्या खिळ्याला स्टेथोस्कोप, एवढीच सजावट. नोकरी सुटली तरी निळ्या काठाची पांढरी साडी सुटली नाही. "आमच्यात देव न्हाई, पर दुसऱ्याच्या देवाशी माझं भांडण बी न्हाई. माझं भांडण अज्ञानाशी हाय," असं म्हणायच्या आणि ते अज्ञान हुडकत बरोबर माझ्या दुकानात येऊन बसायच्या.

आता माझ्या दुकानाचीही थोडी कर्मकहाणी सांगायला हवी. त्या काळात औषधाच्या दुकानातला निम्मा माल डोळ्यांच्या खुणेवर खपायचा. एखादी बाई आत आली, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांची बरणी निरखत उभी राहिली, की मी समजून जायचो. मान खाली घालून पॅडचा पुडा काढायचा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वरून दोरा, त्यावर काळी पिशवी. नर्सबाई ते बघून खवळायच्या. "बॉम्ब हाय का रे त्यात?" म्हणत त्या पुडा माझ्या हातातून घ्यायच्या, वर्तमानपत्र सोडवून घडी घालून मला परत द्यायच्या आणि पुडा तसाच त्या बाईच्या हातात ठेवायच्या. ती बाई आणि मी, दोघंही काउंटरच्या काचेत तोंड लपवायला जागा शोधत असायचो.

पण त्यांचं खरं रण पेटायचं ते श्रावणात. श्रावण लागला की गौरी-गणपती, मग नवरात्र, पुढं दिवाळी, लग्नसराई, आणि मधल्या फटीत सत्यनारायण. ऐन सणात घरातली बाई 'बाजूला' बसायला नको, म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या नेल्या जात. त्या गोळ्यांना गल्लीत डझनभर नावं होती. गौरीच्या गोळ्या, लग्नाच्या गोळ्या, थांबवायच्या गोळ्या. एकीनं तर नुसतंच "देवाच्या द्या" म्हटलं होतं आणि मी बरोबर दिल्या होत्या. डॉक्टरांची चिठ्ठी मागायची मला लाज, आणायची त्यांना लाज, त्यामुळं कायदा बिचारा दोघांच्या मध्ये अंग चोरून उभा असायचा. या सगळ्या नावांत त्या औषधाचं खरं नाव मात्र कुणाच्या तोंडी नव्हतं, आणि नर्सबाईंचा संताप होता तो त्याचाच. "नवऱ्याचं नाव उखाण्यात घेताय, आन् जे पोटात घालताय त्याचं नाव घ्यायला लाज? म्हण, प्रोजेस्टेरॉन!" ती बाई पदर तोंडाला लावून पुटपुटायची. "मोठ्यानं!" म्हटल्यावर मोठ्यानं म्हणायची. मग समोरच्या चहावाल्याकडची माणसंसुद्धा वळून बघायची.

नुसतं नाव घेऊन सुटका होत नसे. त्याचा अर्थ ऐकावा लागे. तो अर्थ मी इतक्यांदा ऐकला की फार्मसीच्या कॉलेजात काय शिकलो होतो ते पुसून गेलं आणि नर्सबाईंचं तेवढं राहिलं. "बाईच्या पोटात पिशवी असती. ती म्हंजे पावण्यांची खोली," त्या सुरुवात करायच्या. "दर म्हैन्याला पावणं येणार अशी बातमी असती. इस्ट्रोजेन म्हंजे धाकटी जाऊ. ती कापूस आणती, गादी भरती, जाड करती. मग येती थोरली जाऊ, प्रोजेस्टेरॉन. ती चादर घालती, उशाला तांब्या ठेवती, दार पुढं करती आन् पिशवीला दटावती, आता हालायचं न्हाई, गप ऱ्हायाचं. पावणं आलं तर ही थोरली नऊ म्हैने दारातनं हालत न्हाई. न्हाई आलं तर पंधरा दिस वाट बघती आन् जाती निघून. ती गेली की अंथरूण गुंडाळून भायेर टाकायचं. ती पाळी. आता सांग, ह्यात विटाळ कुठं आला? पावणं आलं न्हाई म्हणून काढल्यालं अंथरूण ते!" आणि गोळीचं काय, असं एखादीनं धीर करून विचारलं तर म्हणायच्या, "गोळीत त्याच थोरलीची सावत्र भन असती. काम तेच करती, दारात बसून ऱ्हाती. पर तिला रोज बोलवायचं नसतंय." एकदा डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेल्या एका पैलवानानं हे सगळं अथपासून इतिपर्यंत ऐकलं आणि गोळी न घेताच तो निघून गेला.

त्यांच्या या शिकवणीचे परिणाम कुठं निघतील याचा नेम नसे. माझी बायको नवी नवरी असताना नर्सबाईंची लाडकी विद्यार्थिनी झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांनी तिला नाव घ्यायचा आग्रह केला तेव्हा तिनं घेतलं ते असं: "कापसाची गादी, वर मखमली उशी, प्रोजेस्टेरॉन दारात तर पावण्याला खुशी." माझी आई तिळगुळाचं ताट घेऊन आत गेली ती पाऊण तासानं बाहेर आली. पुढं नर्सबाईंनी गल्लीतल्या सुनांना भिंतीवरच्या कॅलेंडरावर तारखांना टिंब द्यायला शिकवलं. त्याच कॅलेंडरावर घरातली पुरुषमंडळी दुधाचे खाडे मांडत. तिसऱ्याच महिन्यात आमच्या शेजाऱ्यांनी गवळ्याची गचांडी धरली, "दर म्हैन्याला सलग चार-चार दिस कुठं उलथतोस रे?" गवळी देवीची शपथ घेऊन सांगत होता की एक दिवस चुकवला नाही. शेवटी शेजाऱ्यांची बायको स्वयंपाकघरातून कानापर्यंत लाल होऊन बाहेर आली आणि तिनं गवळ्याला सोडवलं.

सगळ्यावर कडी झाली ती गणपतीतल्या रांगोळी स्पर्धेत. मंडळाच्या मांडवात मोर, हत्ती, शिवलिंग अशा रांगोळ्या होत्या. त्यांच्या ओळीत नर्सबाईंनी चार फुटांचं गर्भाशय काढलं. दोन्ही बाजूंनी वळत गेलेल्या नळ्या, नळ्यांच्या टोकांना गुलाबी बीजकोश, मध्ये पिवळ्या रंगात थोरलीनं घातलेलं अंथरूण. परीक्षक म्हणून दोन निवृत्त चित्रकला शिक्षक आले होते. त्यांनी बराच वेळ मान कलती करून बघितलं, आपसांत चर्चा केली आणि 'नंदी'ला दुसरा नंबर दिला. एरवी कुणी बक्षीस घेऊन गप्प बसलं असतं. नर्सबाईंनी माईक ओढून घेतला. पुढची वीस मिनिटं मांडवातून पुरुषमंडळी एकेक करून काढता पाय घेत होती, आणि बायका मात्र मांडी घालून बसत चालल्या होत्या. परीक्षकांना जाता येत नव्हतं, कारण नारळ-टॉवेल द्यायचा बाकी होता.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. समोरच्या आक्कांपाशी मात्र ते हसण्यावारी गेलं नाही.

माझ्या दुकानाच्या बरोबर समोर आक्कांचं घर. मागं दोन म्हशींचा गोठा, पुढं ओसरीसारखा सोपा, आत देव्हारा. आक्कांचे मालक कधीच वारले होते. एकुलता एक मुलगा टेम्पो चालवायचा. त्याचं लग्न होऊन अडीच वर्षं झाली होती. सून गारगोटीची, अबोल, कामसू पोरगी. आक्कांचं सोवळं म्हणजे गल्लीतला कळस. बाजूला बसलेल्या बाईची सावली देव्हाऱ्याच्या उंबऱ्यावर पडू द्यायच्या नाहीत. नर्सबाईंशी बोलायच्या त्या रस्त्याच्या त्या बाजूनं, आणि चहाला कधी बोलावलं नाही. त्याचं कारण दोघींनाही माहीत होतं आणि दोघीही ते बोलत नव्हत्या.

एका संध्याकाळी ती सून दुकानात आली. खोकल्याच्या बरणीकडंही न बघता हळूच म्हणाली, "त्याच द्या. दोन पट्ट्या." मी ड्रॉवर उघडला, तेवढ्यात नर्सबाईंनी तिचं मनगट धरलं. ओठ हलले नाहीत. त्या तिच्या चेहऱ्याकडंच बघत राहिल्या. "पोरी, परवाच न्हेल्या हुत्यास की दोन," त्या म्हणाल्या, आणि आवाज चक्क खाली आला होता. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. आक्कांनी नातवासाठी नवस बोलला होता, पाच पौर्णिमा जोडीनं जोतिबाला. शिवाय घरात देवीचे मंगळवार-शुक्रवार. नवसात खंड पडायला नको, म्हणून पाळी होऊन पाच-सहा दिवस झाले की लगेच गोळ्या सुरू. अधेमधे आक्कांच्या सोयीनं चार दिवस सुट्टी, की पुन्हा गोळ्या. नवसाच्या तीन पौर्णिमा झाल्या होत्या, पण त्याच्याही आधी, लग्नानंतरच्या पहिल्या गौरीपासून, जवळजवळ असंच चालू होतं. पोरगी मळमळीनं बेजार होती. "आन् दसऱ्यापतोर काय न्हाई झालं तर मला गारगोटीला सोडणार म्हनल्यात," ती म्हणाली. रडली नाही. नुसती काउंटरची कड बोटानं पुसत राहिली.

नातवासाठी देवाला साकडं, आणि त्या साकड्यात खंड नको म्हणून नातवाचा रस्ताच बंद. मी ते तिथं उभ्या उभ्या समजलो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्या पट्ट्यांतली एकूण एक पट्टी माझ्या हातानं गेली होती. पोरगी रिकाम्या हातानं गेल्यावर नर्सबाई माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "तू औषधं इकतोस का भेळ?" मी उघडा राहिलेला ड्रॉवर बंद केला. "सकाळी दुकान उशिरा उघड. माझ्यासंगं यायचंय."

सकाळी आक्का गोठ्यात शेण भरत होत्या. नर्सबाई सरळ गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागं, जमेल तेवढा अरुंद होऊन.

"आक्का, ह्या म्हशीला किती दिस झालं गाभण ऱ्हाऊन?"

"पाचवा चाललाय. का ओ?"

"आन् गेल्या साली फळत नव्हती तवा काय केलं?"

"डाक्टर आणला की. लई चांगला हाय."

"म्हशीला डाक्टर आणताय आन् सुनंला देव व्हय?"

आक्कांच्या हातातलं शेण हातातच राहिलं. पुढं जे झालं त्याला भांडण म्हणावं की वर्ग, मला अजून ठरवता आलेलं नाही. आक्का कडाडल्या की आमच्या देवाधर्मात तुमी पडायचं काम न्हाई. नर्सबाई म्हणाल्या, मी देवात पडत न्हाई, पिशवीत पडतो. (आमच्याकडं बायका 'मी पडतो, मी येतो' असंच म्हणतात, 'येते' म्हणणारी परगावची समजावी.) मग दोन्ही जावा आल्या, गादी आली, चादर, तांब्या, सगळं आलं. "आक्का, घरात आधीच पावणं बसल्यालं असलं तर तुमी दुसऱ्या पावण्याला सांगावा धाडचाल का?" "न्हाई धाडायची." "ही गोळी तेच करती. पिशवीला वाटतं, पावणं आल्यालं हाय. मग बीजच सुटत न्हाई. तुमी रोज खोटं पावणं बसवताय आन् खऱ्याची वाट बघताय!"

आक्का म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चेहरा पडला होता. "म्हंजे मीच..." एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. मला वाटलं, आता नर्सबाई विजयाचा झेंडा रोवणार. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "तुमास्नी कुणी सांगिटलंच न्हाई. सांगणारा तिथं मागं उभा हाय, तोंड शिवून." मी गोठ्याच्या भिंतीवरचे गोवऱ्यांचे ठसे मोजू लागलो.

"पर नवस?" आक्कांनी विचारलं. खरी भीती आता बाहेर आली होती. "दोन पौर्णिमा ऱ्हायल्यात. मोडला तर कोप व्हईल."

"नवस कुणी बोलला?"

"मी."

"मग फेडायचा बी तुमीच. सून कशाला पायजे? आन् तुमची पाळी जाऊन धा वर्सं झाली. तुमच्याएवढं सोवळं पेठंत हाय कोण?"

शेवटचा बचाव म्हणून त्यांनी गुडघे दाखवले. एकटीनं डोंगर कसा चढायचा? नर्सबाईंनी सवयीनं त्यांचं मनगट धरलं, आणि सोडताना म्हणाल्या, "मी येतो संगं."

त्यानंतर नर्सबाईंनी सुनेला बायकांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद करून शरीराला उसंत द्यायला सांगितलं, आणि नवऱ्याचीही तपासणी लिहून दिली. तो गडी टेम्पो घेऊन दोन दिवस गायब झाला. तिसऱ्या दिवशी नर्सबाई पहाटेच टेम्पोत जाऊन बसल्या होत्या. दोघांतही तसा काही दोष निघाला नाही. वाट बघायची, एवढंच औषध होतं, आणि त्याला दसऱ्याची मुदत पडलेली होती.

पौर्णिमेला दोघी एसटीनं जोतिबाला निघाल्या ते दृश्य बघायला मी मुद्दाम दारात उभा होतो. आक्कांच्या हातात पाण्याची वेगळी बाटली आणि तोंड दुसरीकडं. नर्सबाई देवळात जात नसत. पायऱ्यांच्या खाली आक्कांच्या चपला सांभाळत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या नाड्या तपासायच्या. परत येताना पांढऱ्या साडीवर इतका गुलाल असायचा की निळा काठ शोधावा लागे. "चांगभलं म्हनलासा का?" मी विचारलं. "मी न्हाई म्हनलो. पर सगळी म्हनत हुती, गप बसून तरी काय करू? टाळ्या वाजिवल्या," त्या म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला आक्कांनी पिठलं-भाकरी दोघींची बांधून घेतली. पाण्याची बाटली एकच होती. हे मला आक्कांच्या सुनेनं सांगितलं, आणि सांगताना ती पहिल्यांदाच हसलेली मी पाहिली.

पाच पौर्णिमा पुऱ्या झाल्या. दसरा आला. काही झालेलं नव्हतं. सोनं वाटायच्या निमित्तानं नर्सबाई तडक आक्कांच्या दारात गेल्या, आणि मी दुकानातून बघत होतो. आता आक्का पोरीला कपड्यांची पिशवी भरायला लावणार, असंच मला वाटत होतं. आक्कांनी आपट्याचं पान घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, म्या आणिक पाच पौर्णिमा बोलल्यात."

"आन् सून?"

"तिला कशी धाडू? आपुन दोघी दर पौर्णिमेला डोंगरावर. हिकडं म्हशींच्या धारा कोण काढणार?"

नर्सबाईंनी रस्ता ओलांडून येऊन माझ्या स्टुलावर बसकण मारली आणि पदरानं डोळे पुसले. मी विचारलं तर म्हणाल्या, धूळ गेली. त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता, आणि तो लपवायला मी उगाचच शेल्फं पुसत बसलो. मूल होवो न होवो, पोरगी राहिली होती.

मूल पुढच्या वर्षी झालं. मुलगी. आक्कांनी पेढे वाटायला काढले, "मुलगी झाली तर बर्फी" म्हणणाऱ्या एका शेजारणीला दारातच झाडलं, आणि बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी गल्ली जमली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आक्कांच्या मुलाला तर बहीण नव्हती. चुलत-मावस बहिणी पुढं सरकत होत्या. आक्कांनी दारात उभ्या असलेल्या नर्सबाईंना हाताला धरून सोप्यातून आत, देव्हाऱ्यावरून पुढं, पाळण्यापर्यंत नेलं. "हिनं सांगायचं," एवढंच म्हणाल्या. नर्सबाईंनी हजारो पोरं जगात आणली असतील, पण या जागी त्यांना कुणी उभं केलं नव्हतं. त्या वाकल्या. कुजबुजणं त्यांना येत नव्हतंच, त्यामुळं 'ज्योती' हे नाव बाळाबरोबर मागच्या गोठ्यातल्या म्हशींनीही ऐकलं. मग "कुर्रऽऽ" झालं आणि रीतीप्रमाणं सगळ्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्क्या घातल्या. आक्कांची बुक्की सगळ्यांत जोरात होती.

नव्या शतकात गोष्टी बदलल्या. माझ्या दुकानात कॉम्प्युटर आला. चिठ्ठीशिवाय त्या गोळ्या द्यायचं मी कधीच बंद केलं होतं. नर्सबाई थकल्या आणि शाहूवाडीला भावाकडं गेल्या. सुट्टी लागली की ज्योती आत्याकडं जायची आणि परत आल्यावर भेटेल त्याची नाडी बघायची. मग एका भाद्रपदात, गौरी यायला दोन दिवस असताना, त्यांच्या भावाचा दुकानावर फोन आला. टेम्पोतून आम्ही सगळे गेलो. आक्का वाटभर ज्योतीचं मनगट धरून बसल्या होत्या.

परत आल्यावर शेजारच्या बायका गौरीचं विचारायला आल्या. आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. "आमच्यात औंदा गौर न्हाई. सुतक हाय," त्या म्हणाल्या. एकीनं धीर करून म्हटलं, "आक्का, त्या बाई कुठल्या, तुमी कुठल्या, तुमास्नी कसलं सुतक?" आक्का चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. "माझ्या नातीच्या कानात नाव सांगिटलंय तिनं," म्हणाल्या. "लेकीचं सुतक तीन दिस असतंय. मी धरणार."

ज्या देवासाठी एके काळी त्यांनी सुनेला जवळजवळ दोन वर्षं गोळ्या चारल्या, त्या देवापुढं तीन दिवस दिवा लागला नाही. मी काउंटरवर बसून समोरच्या अंधाऱ्या सोप्याकडं बघत होतो. नर्सबाईंना हे कळलं असतं तर रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी आक्कांना फैलावर घेतलं असतं, ह्यात विटाळ कुठं आला म्हणून. पेठेला ऐकू गेलं असतं. आक्कांच्या घरात आजवर गौर दोनदाच बसलेली नाही. एकदा त्यांचे मालक वारले तेव्हा, आणि एकदा त्या वर्षी.